ऋतिकाचं वजें

१४ जून २०२५, शनिवार

निकाल लागला! ऋतिका एम.एस्सी. झाली, केमिस्ट्रीत, पहिल्या वर्गात. मी स्वयंपाकघरात आदोळीवर बसून नारळ खोवत होते. तिने फोनवर बघितलं, किंचाळली, "आई, झालें गो!" आणि मागून मला मिठी मारली. आदोळीवर बसलेल्या बाईला कोणी मिठी मारतं का? बोट कापता कापता वाचलं.

ह्यांनी सांखळीहून पेढे आणले. देवापुढे ठेवताना माझे डोळे भरून आले. शेजारची शेवंतीकाकी आलीच होती वास घेत. म्हणाली, "आवय ती. रडतलीच."

सगळ्यांना वाटलं आनंदाने रडते. होता ना आनंद. नाही कसा? पण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी होतं. इथे लिहिते, दुसरीकडे कुठे सांगणार?

मला हेवा वाटला. पोटच्या मुलीचा.

१५ जून

कालचं वाचलं. खोडून टाकणार होते. राहू दे.

माझी बी.ए.ची शेवटची परीक्षा एप्रिलमध्ये संपली आणि मे महिन्यात लग्न. हळर्णहून थेट सुर्ल्याला. निकाल लागला तेव्हा मी इथे ह्याच चुलीपुढे होते. मला कोणी कळवलं नाही. वाईटपणाने नव्हे, कोणाला सुचलंच नाही. चवथीला, गणपतीत, आई वजें घेऊन आली. लग्नानंतरची पहिली चवथ, मुलीच्या सासरी कुळारहून, माहेरहून, ओझं जायचंच. लाडू, खाजें, नेवऱ्या, केळ्यांचा घड, मला हिरवी साडी. सासूबाई लाडवांचा आकार बघत होत्या. तेवढ्यात आई कानात म्हणाली, "पास झालंस गो. दुसऱ्या वर्गात."

मी म्हटलं, "बरें झालें." आणि शेजाऱ्यांना वाटायला ताटं भरू लागले.

तेव्हा काही वाटलं नव्हतं. शपथ. आता वाटतंय!

२६ जून

ऋतिकाला नोकरी. तुयेला, औषधांच्या कंपनीत, लॅबमध्ये. पहिल्याच मुलाखतीत! पांढरा कोट घालून फोटो पाठवला. कोट जरा मोठा आहे तिला. खांदे आवळून घेतले तर बरा बसेल. मी लगेच सुई-दोरा शोधायला उठले, मग आठवलं कोट कंपनीचा आहे.

२९ जून, रविवार

भांडण झालं.

ती म्हणते कंपनीजवळ पेडण्यात खोली घेते. हे म्हणाले, "कित्याक? बस आसा. पांच वर्सां युनिव्हर्सिटीत गेलंस मगो बसीनच?"

"तीन बसी बदलूच्यो पडतत बाबा."

"आमी काय चलत गेलों? गोंयातल्या गोंयात खोली! लोक काय म्हणतले? पुण्याक गेलंस जाल्यार समजलों असतों."

मला हसू आलं. पुण्याला चालेल, पेडण्याला नाही! पण त्यांचं खरंच आहे. आमच्याकडे मुलगी घराबाहेर राहते ती दोनच कारणांनी. लग्न होऊन, नाहीतर गोव्याबाहेर शिकायला. मधलं काही नाहीच.

ऋतिका म्हणाली, "माका एकदां माजें दार मीच बंद करून बघूचां आसा."

हे माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी शेवटचा शब्द माझा असतो. तीही बघत होती. मी "नको" म्हटलं असतं तर ती राहिली असती. चिडली असती, पण राहिली असती.

मी म्हटलं, "जांव दी."

ती गळ्यात पडली. तिला वाटलं आई किती मोठ्या मनाची. कसलं मोठं मन! मला ते दार बघायचं होतं. बस.

६ जुलै, रविवार

पोचवून आलो. पेडणे बाजाराच्या मागे, घरमालकीण तळमजल्यावर राहते. सुलोचनाबाय, साठीच्या पुढची, एकटीच. म्हणाली, "एकट्या चलियांकूच दितंय हां मी खोली. लगीन झालेलें नाकात. घोव येतत आणि बिड्यो ओडतत."

खोली लहान आहे. एक पलंग, एक मेज, बसायला एक कदेल. जनेलातून माड आणि समोरच्या घराचं कौल. मोरीत एक नळ, स्वयंपाकाला कट्टा. एकच पातेलं, एकच ताट. मी घरून तीन ताटं आणली होती, तिने दोन परत दिली. "आई, कोण जेवतलो?"

हे आणि ती खाली सामान आणायला गेले. मी एकटी खोलीत. पलंगावर बसले. गादी नवी. एकदा उठून परत बसले — जरा उसळूनच. मग आडवी झाले. छताकडे बघितलं. पंख्याचा आवाज सोडून काही नव्हतं. भाजी कुठली आहे असं कोणी विचारलं नाही. औषध घेतलंत का असं मला कोणाला विचारायचं नव्हतं.

ती वर आली तेव्हा मी चादर सारखी करत होते.

७ जुलै

आज आमटी खारट झाली. कोणी बोललं नाही.

२० जुलै, रविवार

अळमी मिळाली, पावसातली भूछत्रं. रोयणीची, वारुळावरची, पोचट नाही, चांगली गच्च कळ्यांची. पाळीहून एक बाई पानात बांधून घेऊन आली होती. ऋतिकाला जीव की प्राण. साफ करून ठेवली आणि फोन केला, ये म्हणून.

"आई, ह्या आयताराक ना जमूचां. कपडे धुवूचे आसत. आणि सुलोचनाबायन काल केल्लीं अळमीं. काय बरीं झाल्लीं गो! तुज्यापरस बरीं. रागावू नको हां."

रागावले नाही. हसले. फोन ठेवला आणि अळमी करून सगळी शेवंतीकाकीला नेऊन दिली.

आता त्या सुलोचनाबायचाही हेवा! मी कोणाकोणाचा करणार आहे?

३ ऑगस्ट

तिने काल रात्रीच्या जेवणाला काय केलं होतं? काही नाही. पोदेराचा पाव आणि चहा. "कंटाळो आयलो आई, करूंक ना." एवढंच. इतक्या सहज! संसाराच्या एवढ्या वर्षांत मला एकदाही असं म्हणता आलेलं नाही. आजारी असताना पेज तरी घातलीच आहे चुलीवर.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "बघ, उपाशी रवता. सांगिल्लां मी." त्यांना त्यात उपास दिसला. मला काय दिसलं ते मी त्यांना सांगितलं नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

चवथ झाली. आमचा गणपती दीड दिवसाचा. आज संध्याकाळी विसर्जन आणि लगेच ऋतिका परत गेली. उद्या ड्युटी. जाताना डब्यात चार नेवऱ्या घेतल्या, बस. "जादा नाका आई, एकटी मी."

बाकी सगळ्या घरांतून वजीं निघालीत. कालपासून टोपल्या-पांटल्या जाताहेत रस्त्याने, वरून लाल कापड. शेवंतीकाकीच्या नातीचं लग्नानंतरचं पहिलंच वर्ष, त्यांच्याकडे तर निम्मा वाडा लाडू वळतोय.

मला वजें येऊन चार चवथी झाल्या. आई होती तोवर हळर्णहून दरवर्षी काहीतरी यायचंच. शेवटी शेवटी नुसते दोन नारळ आणि खाजें, पण यायचं. आई गेली. भाऊ रामचंद्र म्हापशाला फ्लॅटमध्ये राहतो, हळर्णचं घर भाड्याने दिलं. भाऊ चांगला आहे. फोन करतो. पण त्याला काय सुचणार!

डोक्यात एक आलंय. वेडेपणा आहे.

३० ऑगस्ट

करतेच आहे. रव्याचे लाडू झाले. खाजें विकत आणलं. नेवऱ्या तळल्या. केळ्यांचा घड पिकत घातला होता तो तयार आहे. तिला ड्रेसचं कापड. आईची पांटली माळ्यावरून काढली, पुसली. लाल कापड शोधलं.

हे म्हणाले, "ह्यां कोणाक?"

"ऋतिकाक."

"इतक्यां?"

"नोकरीवरच्यांक वाटतली."

ते आपल्या ट्रकच्या टायरांचं बोलायला लागले. बरं झालं.

३१ ऑगस्ट, रविवार

नेलं. वाड्यावरच्या सागरची पिकअप केली. पांटली मागे, लाल कापड बांधलेली, घड वरती. मी पुढे बसले, केसांत फुलं माळून. सागर म्हणाला, "कोणाचां वजें गो वयनी?"

मी म्हटलं, "आमच्या ऋतिकाचां."

एवढंच बोलले. तो "हां?" म्हणाला. जरा थांबला. मी आणखी काही सांगेन असं वाटलं असावं त्याला. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. तिला नुसतं हौसेने नेतेय, लग्नबिग्न काही नाही — एक वाक्य बोलायचं होतं. बोलले नाही. का ते आज तरी विचारू नये.

ऋतिकाने दार उघडलं आणि इतकी हसली, इतकी हसली! "वजें? माका? आई, तू पिशी!" मग पांटली उघडून बसली जमिनीवर, लाडू तोंडात. सुलोचनाबायला ताट भरून दिलं. ती लाल कापडाकडे बघतच राहिली. विचारलं, "लगीन झालां काय गो तुजां?" ऋतिका हसत म्हणाली, "माज्या खोलीचां झालां, बाये!"

छान दिवस. खूप छान. मी एकुलत्या एक कदेलावर बसले आणि ती पलंगावर. चहा तिने केला. मला पाहुणी केलं.

२ सप्टेंबर

शेवंतीकाकी कुंपणाशी आली. तोंड फुगवून. "आमी काय परकीं? लाडू तरी दिवूचो. चोरून लगीन कित्याक केलां?"

"कोणाचां लगीन?"

"आमकां कळलां बाये. सागरान सांगलां. वजें घेऊन गेलंस तां. चलो विमानतळावर कामाक आसा म्हणतत."

मुलगा पण शोधला त्यांनी! विमानतळावर! मी हसायचा प्रयत्न केला. काकी म्हणाली, "रजिस्टर केलां ना? परजातीचो आसा?" मी "तसां काय ना" म्हटलं आणि घरात आले. ते "तसं काही नाही" इतकं पडेल आवाजात निघालं, की मीच दुसऱ्या कोणाकडून ऐकलं असतं तर माझाही विश्वास बसला नसता.

हे दुपारी जेवायला आले ते न जेवता बसले. ट्रकांच्या अड्ड्यावर कोणीतरी विचारलं, "जांवय काय करता?" बाप माणूस. मला एवढंच म्हणाले, "तिका घरा हाड. खोली नाका, काय नाका. बसीन येतली आणि बसीन वतली."

३ सप्टेंबर

ऋतिकाचा फोन. हसत नव्हती. सुलोचनाबायची बहीण आमच्याजवळच डिचोलीला दिलेली आहे, तिच्याकडून सगळं पोचलं. सुलोचनाबाय म्हणते, तू लग्न लपवून खोली घेतलीस. चवथीचे दिवस संपले की रिकामी कर.

"आई, मी किती सांगलां तिका. ती म्हणता, घोव नासताना वजें खंय येता? आवय काय पिशी आसा वजें हाडूक?" मग रडायला लागली. "आणि बाबा म्हणतत घरा यो. आई, तू सांग ना तेंकां. तू सांगलंस तर आयकतले."

मी म्हटलं, बघते.

आता खरं लिहिते. ती रडत होती आणि मला आनंद झाला. अगदी थोडा, क्षणभर. ती परत येईल. संध्याकाळी बस थांबेल, ती थकून येईल, आमटी कसली आहे विचारेल. मग ती आणि मी सारख्याच. हेवा करायला काही उरणारच नाही.

आणि मग कळलं मी वजें का नेलं ते. प्रेमाने नेलं, हौसेने नेलं, सगळं खरं. पण मला त्या खोलीचं सासर करायचं होतं. सासर मला ठाऊक आहे. सासरी गेलेल्या मुलीची काळजी करता येते, दया येते, तिच्यासाठी रडता येतं. तिचा हेवा करावा लागत नाही. ते तिचं स्वतःचं दार, ते एकच ताट, त्याचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. म्हणून लाल कापड बांधलं. सागरला ते एक वाक्य सांगितलं नाही.

माझी आई माझ्यासाठी वजें घेऊन आली होती. मी माझ्या मुलीला काय घेऊन गेले!

४ सप्टेंबर, गुरुवार

शेवंतीकाकीकडे गणपती अकरा दिवसांचा. दुपारी फुगड्यांना सगळ्या बायका तिथे असतात. गेले.

मला बघून फुगडी थांबली. कोमल, काकीची सून, म्हणाली, "ये वयनी, जांवय खंय तुजो?" सगळ्या हसल्या.

मी उभ्या उभ्याच म्हटलं, "जांवय ना. लगीन जावूंक ना. माझ्या चलयेन कायएक चोरून करूंक ना. वजें मी नेलां, माझ्या मनान. तिणें स्वताचां घर केलां म्हणान. चूक झाली तर माझी. तिका नावां ठेवू नकात."

कोपऱ्यातून कोणीतरी, "घोवाबगर वजें?"

"हय. घोवाबगर."

शेवंतीकाकी गणपतीपुढच्या जमखान्यावर बसली होती, पान चघळत. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अगो, घोवाबगर वजें गावतां ह्यां माका आधीं कोणें सांगूक कशें ना? मी लगीन केलांच नसतां!"

जो हशा उठला! कोमलला उचकी लागली. कोणीतरी माझा हात ओढला आणि मी फुगडीत. बऱ्याच वर्षांनी. गुडघे अजून दुखताहेत.

घरी येऊन ह्यांना म्हटलं, ती खोली सोडणार नाही. ते म्हणाले, "लोक —" मी म्हटलं, "लोकांक मी आत्तांच सांगून आयलंय." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी दुसऱ्या गावची आहे. मग म्हणाले, "बरां. जेवूक वाढ."

५ सप्टेंबर

तीन बस बदलून पेडण्याला गेले. सुलोचनाबायच्या पायरीवर बसूनच सांगितलं सगळं. ती म्हणाली, "तोंडान सांगूक येयना तुका त्या दिसा?" मी म्हटलं, नाही आलं. मग ती म्हणाली, "लाडू बरे झाल्ले. राव म्हण सांग तिका."

वर गेले. ऋतिका पलंगावर, गुडघे पोटाशी. मी तिला सांगून टाकलं. सगळं नाही, पण मुख्य ते. "माका तुजो हेवो वाटता गो. पयल्या दिसापासून."

मला वाटलं तिला धक्का बसेल. ती म्हणाली, "खबर आसा."

"कशी?"

"सामान घेऊन वर आयलंय तेन्ना तू माज्या गादयेर उसळून बघी हुतंस. दारांतल्यान बघलंय मी. मागीर परत जिन्यान सकयल गेलंय, तुका वेळ मेळूचो म्हणान."

मी चादरीची घडी करत बसले, घडी घातलेलीच होती ती.

७ सप्टेंबर

शेवंतीकाकीकडचं काल विसर्जन झालं. तिची नात आली होती सासरहून. सुकलीय.

२१ सप्टेंबर

ऋतिका ह्या रविवारीही आली नाही. कपडे धुवायचे आहेत. हेवा अजून आहे. गेलेला नाही. नुसता आता दारात उभा असतो, आत येत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

सागरची पिकअप दारात थांबली. मागे आईची पांटली. मी ऋतिकाकडे विसरून आले होते ती. भरलेली! पोदेराच्या दुकानातली बिस्किटं, म्हापशाचं खाजें, केळ्यांचा घड (कच्चा आहे, हिला अजून घड निवडता येत नाही), आणि माझ्या मापाचा एक गाऊन. वर लाल कापड. तेच.

शेवंतीकाकी लगेच कुंपणाशी. "कोणाचां वजें रे सागर?"

सागर म्हणाला, "वयनीचां. कुळारहून आयलां. पेडण्यासून."

घडाखाली गाऊनच्या घडीत एक सुटी किल्ली होती.

१३ ऑक्टोबर

ह्यांना सांगितलं, पेज तुमची तुम्ही करून घ्या, आमटी फ्रिजमध्ये आहे. मी दोन रात्री कुळारा जाते.

पिशवी घेऊन बाहेर पडले तर शेवंतीकाकी तिच्या दारात. "खंय?" सांगितलं. तिने काही चेष्टा केली नाही. माझ्या पिशवीकडे बघत राहिली, मग रस्त्याकडे, मग परत पिशवीकडे.

तो चेहरा मी ओळखते. जूनपासून आरशात बघतेय.

बस आली.